मोहिनीच्या लग्नाची कॅसेट

जुन्नर, ८ ऑक्टोबर २००७

ती. दादा यांस,
पानूचा शि.सा.न.वि.वि. आणि जय जिनेंद्र.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे खुशाल आहेत. आमचा फोन बैठकीत, आणि घंटी वाजली की टीना आधी धावते. तिला एवढ्यात काही कळू द्यायचं नाही म्हणून लिहिते आहे. उत्तरही घरी नको, माझ्या कटलरीच्या दुकानावर पाठव.

टीनाच्या लग्नाच्या साड्या ठेवायला काल मोठी ट्रंक रिकामी केली, तर तळाशी मोहिनीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट! घोडेगावच्या मांडवात आपल्या धाकटीचं लग्न, शहाऐंशी साल. आठवतं ना, तू शूटिंगवाला थेट पुण्याहून आणला होतास आणि आमच्या ह्यांनी जावई असूनही माइक हातात घेतला तो सोडलाच नाही? त्यानंतर वर्षभरात हे गेले. टीना तेव्हा दीड-दोन वर्षांची. फोटो आहेत चार-पाच, पण हलताना-बोलताना हे दुसरीकडे कुठंच नाहीत. पोरीनं बापाचा आवाज कळत्या वयात कधी ऐकलेला नाही. आणि खरं सांगू दादा, मला आठवतो असं मी सगळ्यांना सांगते, पण आता मलाही आठवत नाही.

कॅसेटवर पांढरी बुरशी आली आहे. लावायला आमच्याकडे काही यंत्र नाही आणि लावायचा धीरही नाही. दोन डिसेंबरला पोर राजुरीला सासरी जाईल. तिच्याबरोबर हा आवाज देता आला तर मला दुसरं काही नको. कॅसेट या पत्रासोबत पाठवते. जमलं नाही तर तिला कळायलाच नको.

वहिनींना नमस्कार. माया आहे तशीच ठेव.
तुझी पानू


घोडेगाव, १९ ऑक्टोबर २००७

चि. पानू हिस,
अ.उ.आ.

अगं, काय चीज पाठवलीस! आठवडाभर मी दुकानात असून नसल्यासारखा आहे. गिऱ्हाईक परकर मागतं आणि मी धोतर काढून देतो. तुझी वहिनी म्हणते की याला आता यंत्राची बाधा झाली.

कॅसेट आमच्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्या अन्सारला दाखवली. त्यानं भिंगातून पाहिली, बुरशी झटकली आणि स्पष्ट सांगितलं की चाचा, फीत लई नाजूक झाली, एकदा चालंल, दुसऱ्यांदाचं मी न्हाई सांगत. म्हणजे जी एकदा चालेल तेव्हाच उतरवून घ्यायची. त्यासाठी एक यंत्र मिळतं पानू, एका बाजूला कॅसेटचं तोंड आणि दुसऱ्या बाजूला डिस्कचा ट्रे. डीव्हीडी रेकॉर्डर! पुण्याला जाऊन तीन दुकानं पालथी घातली, सेल्समनला इतकं पिडलं की शेवटी त्यानं मला स्टूल दिलं. घेतला. परवा टेम्पोनं आला, पाटावर ठेवला आहे.

आता डिस्कचं नीट वाच, कारण घोळ सगळा तिथं आहे. आर म्हणजे स्टँपपेपर, एकदा उमटलं ते उमटलं. आरडब्ल्यू म्हणजे पाटी, पुसून परत लिहा. रॅम म्हणून आणखी एक आहे, ती तर साध्या प्लेयरला ओळखच देत नाही. आपल्याला स्टँपपेपरच पाहिजे. पण त्यातही मायनस आर आणि प्लस आर असे दोन भाऊबंद आहेत, आणि जुन्या प्लेयरला बहुतेक मायनसच मानवते. शिवाय उतरवून झालं की फायनलाइज करायचं, म्हणजे सही-शिक्का. तो झाला नाही तर डिस्क आमच्या यंत्राबाहेर कुठंच दिसायची नाही.

तेव्हा राजुरीला जावयाच्या घरी प्लेयर कोणता आहे ते काढ. गुपचूप काढ. काळजी करू नकोस, हा प्रेमचंद अजून म्हातारा झालेला नाही.
आशीर्वाद आहेतच, मागून घ्यायची गरज नाही.
तुझा दादा


जुन्नर, २६ ऑक्टोबर २००७

ती. दादा यांस,
शि.सा.न.वि.वि.

तुझं पत्र दुकानात तीनदा वाचलं. मायनस-प्लसचं डोक्यावरून गेलं, पण स्टँपपेपर कळला. मी गिऱ्हाइकाला बांगड्या भरताना एकटीच हसत होते, बायका म्हणाल्या की लग्नघराचा आनंद दिसतोय.

गुपचूप म्हणालास, पण काय फजिती झाली ऐक. राजुरीला फोन करून विहीणबाईंना सहज विचारलं की तुमच्याकडे डीव्हीडी प्लेयर आहे का, कोणता आहे. त्यांना वाटलं आम्ही हुंड्यात द्यायला विचारतोय! त्या बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या, आम्हाला काही नको म्हणून दहादा सांगितलं. शेवटी जिनेश फोनवर आला. त्याला मी खरं काय ते हळूच सांगून टाकलं. जावई म्हणून पोरगा लाखात एक आहे, दादा. त्यानं प्लेयर उलटा करून पाठीवरचं सगळं वाचून दाखवलं. जुना आहे, फक्त मायनस आर चालते.

आता माझं एक ऐक. यंत्र मुहूर्ताशिवाय सुरू करायचं नाही. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर ते मांड, आणि जी डिस्क लावायची तिच्यावर वहीच्या पहिल्या पानावर काढतो तसं कुंकवाचं स्वस्तिक काढ. हे एकदाच होणारं काम आहे. ते शुभ हातानं व्हावं एवढंच माझं म्हणणं, यावर वाद नको.

वहिनींना नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी पानू


घोडेगाव, १० नोव्हेंबर २००७, पाडवा

चि. पानू हिस,
अ.उ.आ.

उद्या भाऊबीजेला मी येत नाही. ओवाळणी आणि हे पत्र कल्पेशच्या हाती देतो आहे. त्याला ओवाळ, आत्यानं भाच्याला ओवाळलं तर बिघडत नाही. मी या यंत्रासमोरून हलू शकत नाही. का, ते सांगतो.

काल पूजा यथासांग झाली. तू सांगितल्याप्रमाणे डिस्कवर ओल्या कुंकवानं स्वस्तिक काढलं. आता डिस्कला बाजू दोन. एकीवर कंपनीची अक्षरं, दुसरी आरशासारखी लखलखीत. अक्षरांवर कुंकू काय फासायचं, लक्ष्मी लखलखीत बाजूलाच असणार, असा विचार करून मी तिकडं काढलं. छान, ठसठशीत. अन्सार सकाळी आला तोवर डिस्क ट्रेमध्ये गेलेली.

कॅसेट सुरू झाली आणि पानू, माझ्या अंगावर काटा आला. आपला मांडव, मोहिनी, तरणीताठी तू! एक तास सात मिनिटांनी तुझे सुवालालजी माइक घेऊन आले. आवाज ऐकला मी. कल्पेश रडला, अन्सारनं टोपी काढून हातात घेतली. आणि एक तास अकराव्या मिनिटाला पडद्यावर डिस्क एरर अशी अक्षरं येऊन सगळं थांबलं. अन्सारनं घाईनं कॅसेट बाहेर काढली तर फीत आत अडकून तुटली. मग डिस्क काढून पाहिली आणि त्यानं कपाळावर हात मारला. यंत्र लिहितं ते लखलखीत बाजूला, आतून बाहेर. लिहीत लिहीत ते माझ्या स्वस्तिकापाशी आलं आणि अडलं!

आतापर्यंतचं डिस्कवर उतरलं की सगळंच गेलं, हे कुणालाच माहीत नाही. यंत्र डिस्क उघडत नाही, सही-शिक्काही घेत नाही. अन्सार मंचरला जाऊन कुणा जाणकाराला विचारून येतो म्हणालाय, तोवर कशाला हात लावायचा नाही. सुवालालजी काय बोलले ते तुला आत्ता लिहीत नाही. डिस्कवर नसेल तर लिहून काय करू? माझ्या हातानं झालं गं. मला शिव्या दे.
तुझा दादा


जुन्नर, ११ नोव्हेंबर २००७

ती. दादा यांस,
शि.सा.न.

कल्पेश उभ्या उभ्या परत निघालाय म्हणून चारच ओळी. शिव्या कुणाला देऊ? स्वस्तिक काढ म्हणणारी मीच. आजवर डिस्क हातात धरली नाही आणि हुकूम सोडला! टीनाला वाटतंय तू आला नाहीस म्हणून मी रडते आहे. मंचरला सांग की काय लागेल ते करा. आवाज राहिला असेल तर कळव, नसेल तरी कळव. मधलं काही सहन होत नाही.

तुझ्यावर राग नाही. आज ताटात तुझ्या नावाचा दिवा लावला होता.
पानू


घोडेगाव, १३ नोव्हेंबर २००७

चि. पानू हिस,
अ.उ.आ.

आहे! आवाज आहे! आधी हे वाच आणि मग खाली बस.

मंचरच्या माणसानं सांगितलं की कोमट पाण्यात थेंबभर शाम्पू घाला, मऊ फडकं घ्या, गोल नाही, मधून काठाकडे सरळ पुसा. अन्सारनं पुसलं, मी श्वास धरून बसलो होतो. वाळवून ट्रेमध्ये घातली. यंत्र पाच मिनिटं नुसतं घुरघुरलं. मग पडद्यावर आलं की डिस्क दुरुस्त करू का. कल्पेशनं मोठ्यांदा हो म्हणून बटण दाबलं, जसं काही यंत्राला ऐकू येतं! मग फायनलाइज. नव्वद टक्क्यांवर थांबल्यासारखं झालं तेव्हा तुझी वहिनी नवकार मंत्र म्हणू लागली. शंभर झाले आणि आम्ही लहान पोरांसारखे ओरडलो, शेजारचा सावळाराम शिंपी टेप गळ्यात घेऊन धावत आला.

लग्न पुरतं नाही, पंगत अर्ध्यावर तुटते. पण सुवालालजींची चार मिनिटं सगळीच्या सगळी आहेत. अन्सारच्या दुकानातल्या जुन्या प्लेयरवर दोनदा लावून पाहिली. ते काय बोलतात ते मी लिहिणार नाही. तू आणि टीना आपल्या कानांनी ऐका. शूटिंगवाल्याला शंभर आशीर्वाद.

लोभाचं काय विचारतेस, उतू चालला आहे.
तुझा दादा


राजुरी, १० डिसेंबर २००७

ती. मामा यांस,
टीनाचा शि.सा.न.वि.वि.

लग्नात तुम्ही इतकं धावलात, आता पाय चेपून घ्या. आईनं डिस्क माझ्या साड्यांच्या घडीत ठेवली होती आणि आठव्या दिवशी ती लाडू घेऊन येईल तेव्हाच उघडायची अशी ताकीद होती. काल आई आली. जिनेशला सगळं ठाऊक होतं, आणि मला मात्र मोहिनीमावशीच्या लग्नाची गंमत बघायची आहे एवढंच सांगितलेलं. सासूबाई, सासरे, आई, आम्ही दोघं, सगळे ओळीनं बसलो.

माइक घेतलेला उंच माणूस आला आणि आईनं माझा हात घट्ट धरला, तेव्हा मला कळलं. मामा, पप्पांचा आवाज बारीक आहे, थोडा घोगरा. मी आयुष्यभर भारदस्त समजत होते. त्यांनी सगळ्यांना सूर्य मावळायच्या आत पंगतीला बसायला सांगितलं, वाढप्यांना बुंदी इकडे आणा म्हणून दटावलं. कोपऱ्यात झबल्यातली एक पोर माइकची वायर धरून ओढत होती. आई कुजबुजली की ती तू. आईची अवस्था तुम्हाला काय सांगू, ती हसत होती आणि पदर तोंडात धरून रडतही होती. तिला आवाज आठवला, मामा. पहिल्या शब्दालाच आठवला.

मग पप्पांनी माइक तसाच तोंडाशी ठेवून खाली वाकून मला हाक मारली. अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशी, लांबवून, टीनाऽऽ म्हणून. आणि इथं राजुरीला, सासूसासऱ्यांसमोर, बावीस वर्षांची मी, मला कळायच्या आत मोठ्यांदा ओ देऊन बसले.

तुमची,
टीना