जप्तीतले चारशे बत्तीस निरोध आणि एक चिठ्ठी

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
गुप्तरोग तपासणी केंद्र,
सावरटोला, जि. यवतमाळ

विषय : जोडीदार-चिठ्ठी हवालदारसाहेबांना चौकीत सर्वांसमक्ष देऊन पोच घेण्याबाबत.
संदर्भ : जप्ती पंचनामा, दि. ११ जुलै २०२५.

महोदय,

मी पंचफुला, वय ४७. बाजारामागच्या वस्तीत नऊ वर्षांपासून आपल्याच केंद्राचे निरोध वाटते. धंदा मीही केला आहे, लपवत नाही. वस्तीचा कायदा एकच: निरोध नाही तर गिऱ्हाईक नाही. खाणीचे मुकादमसुद्धा आम्ही यावरून परत धाडले आहेत.

१) दि. ११ जुलैला हवालदारसाहेबांनी माझ्या पेटीतले ४३२ निरोध "धंद्याचा पुरावा" म्हणून जप्त केले. सरकारने दिले, सरकारनेच उचलून नेले. नवा साठा येईपर्यंत आठ दिवस आम्ही सगळी दारे बंद ठेवली. चुली कशा पेटल्या ते विचारू नये.

२) त्या आठ दिवसांत आत एकच माणूस आला, ज्यांनी जप्ती केली तेच. आमच्या वस्तीतल्या शीलाने निरोधासाठी हात जोडले, तर म्हणाले, "केसमध्ये तुयं नाव टाकू काय? मले काय होते?" शीला जूनच्या तपासणीत चांगली होती. सप्टेंबरात रक्ततपासणीत गरमी, म्हणजे आपल्या भाषेत सिफिलिस, निघाली. तिला पाचवा महिना आहे. आपण इंजेक्शन दिले, उपकार आहेत. पण "लेकराले तं काही नाही होणार ना वो बाई?" असे ती मला रोज विचारते.

३) केंद्राच्या रीतीप्रमाणे, जोडीदाराने येऊन तपासून घ्यावे म्हणून बाईजवळ बिननावाची चिठ्ठी देतात. ती द्यायची शीलाची हिंमत नाही, म्हणून तिने ती माझ्याकडे दिली. तरी आपण शिपायामार्फत तिची सोबतची झेरॉक्स भर दुपारी चौकीत द्यावी व मोठ्याने वाचावी. त्यांनीही एकेक पाकीट मोठ्याने मोजले होते आणि सारा बाजार हसत होता. मला बदलाच घ्यायचा आहे, खोटे कायले लिहू?

४) साहेबांचे नाव मी लिहीत नाही. गुप्तता पाळीन असा शब्द मी आपल्याला दिलेला आहे. पंचनाम्यावर त्यांची सही आहे, म्हणून तेवढी प्रत जोडली.

सात दिवसांत कार्यवाही न झाल्यास चिठ्ठी मी स्वतः त्यांच्या क्वार्टरवर पोचती करीन. दुपारी ते ड्युटीवर असतात, घरी बायको असते. त्या बाईवर माझा राग नाही. तपासणीची गरज तिलाही आहे, आणि तिला वाचता येते.

आपली नम्र, पण या खेपेला गप्प न बसणारी,
पंचफुला
दि. २२ सप्टेंबर २०२५

सोबत : १) पंचनाम्याची प्रत
२) चिठ्ठीची झेरॉक्स (मूळ चिठ्ठी माझ्या कमरेला आहे)