फाटकासमोरची विहीर

मी, एफ्रोसिना चेबोतारू, राहणार वाल्या नुकुलुई, मोल्दोव्हा, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पाणी माझ्या छातीत झालं आहे, डोक्यात नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही; असता तरी मी जुमानला नसता.

घर आणि तळघर माझी एकुलती एक मुलगी आउरिका हिला. तळघरातलं वाइनचं पिंप माझ्या अंत्यविधीला गावाने रिकामं करावं. सरपंच व्हालेरिउलाही द्यावी, पण सगळ्यांत शेवटी. सामुदायिक शेती मोडून जमिनी वाटल्या तेव्हा सगळ्यांचा ट्रॅक्टर त्याच्या वडिलांच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि त्याला सुधारणा म्हणाले. मी विसरलेले नाही.

द्राक्षवेल छाटायची कात्री शेजारीण पाराश्किवाला. तशीही ती तिच्याकडेच असते.

आता रस्त्यालगतची पट्टी. त्या वाटपात ती आमच्या वाट्याला आली आणि माझे यजमान हारालांबिए यांनी आपल्या आईच्या नावाने तिथे विहीर खणली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे पाणी पिणारा थांबून त्या मेलेल्या माउलीसाठी देवाकडे क्षमा मागतो. आता हारालांबिएंसाठीही मागतात.

मोटारींच्या वायरी बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीला तिथे कारखाना घालायचा आहे. आजूबाजूच्यांनी सह्या दिल्या, माझी राहिली. गाव मला आडमुठी म्हणतं. व्हालेरिउ तर टोपी काढून माझ्या ओट्यावर बसला होता.

"मावशी, ते दुसऱ्या गावी जातील हो. कारखाना आला तर पोरं परत येतील."

"माझी पोरगी आणून दाखव," मी म्हटलं.

कारखाना मलाही हवा आहे, व्हालेरिउपेक्षा जास्तच. आउरिका बारा वर्षं इटलीत, पादोव्हाला, परक्यांच्या आयांना न्हाऊ घालते. बाप गेला तेव्हा कागदपत्रं नव्हती म्हणून आली नाही. आता कागदपत्रं आहेत, सवड नाही. फोनवर म्हणते, "तिथे येऊन करू काय, आई? चिखल तुडवू?" मला तिचा फार राग येतो आणि तिच्यावाचून करमतही नाही.

म्हणून ही पट्टीही आउरिकालाच. मात्र विहीर बुजवायची नाही. कुंपण तिच्या मागून घालावं, म्हणजे कामावर येणाऱ्यांना पाणी पिता येईल. आणि जमीन कंपनीला द्यायची की नाही, हे आउरिकाने स्वतः गावात येऊन, त्या विहिरीचं पाणी काढून, पिऊन सांगावं. पादोव्हाहून पाठवलेलं मुखत्यारपत्र चालणार नाही. तिचं उत्तर नाही असलं तर नाही. पण ते तिने बापाच्या विहिरीपाशी उभं राहून द्यावं.

ठिकाण: वाल्या नुकुलुई
दिनांक: १४ ऑक्टोबर २०१२

एफ्रोसिना चेबोतारू (सही)

साक्षीदार:
पाराश्किवा रुसू (सही)
व्हालेरिउ मुंत्यानू, सरपंच (सही)

ता. क. सही करण्याआधी व्हालेरिउने कागद दोनदा वाचला.

"मावशी, म्हणजे आता आउरिकाला मी आणायचं?"

"कारखाना तुला हवाय ना?"

त्याने सही केली आणि तिचा फोन नंबर लिहून घेतला.