पंजाचे दोन स्क्रू

ती. बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. डाव्या हाताने घास घेता येतो का आता? आईने भरवलं तर चिडू नका.

काल कॉलेजांच्या रोबो-स्पर्धेत आम्ही हरलो. आमच्या रोबोचा ठोकळे उचलायचा पंजा चार स्क्रूंवर बसतो. पटकन बदलता यावा म्हणून मी दोनच लावले. सरावात नऊ वेळा टिकला, दहाव्यांदा भर मैदानात निखळला. मला कुणी बोललं नाही, तेच जास्त लागलं.

बाबा, कारखान्यात तुमचा उजवा हात ज्या मशीनमध्ये गेला, तिच्या संरक्षक जाळीचे स्क्रू ज्याने काढून ठेवले, त्याला मी वर्षभर शिव्या घातल्या. त्यालाही घाईच असणार. काल शिवी तोंडातच राहिली.

आईला फक्त हरलो एवढंच सांगा.

तुमची,
धाकटी