चारशे बारा वाक्यं

॥ श्री ॥
रोहा,
८ फेब्रुवारी २०२६

चि. सौ. रंभास महिपतीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. घरात फोन असताना पत्रं कसली लिहिता, असं पोस्टमनने हसत विचारलं. मी गळ्यावरचा रुमाल बाजूला करून भोक दाखवलं. बिचारा ओशाळला. वास्तविक त्याला पाणी द्यायचं होतं मला, पण तो सायकलवर बसून निघूनही गेला.

स्वरयंत्र काढून दीड वर्ष झालं. तुझ्या अपेक्षाने ऑपरेशनच्या आधी चार दिवस मला माईकपुढे बसवलं होतं, ते आता कळतं किती मोठं काम होतं. चारशे बारा वाक्यं. फोनवर तिने बनवलेल्या ॲपमधला चौकोन दाबला की माझाच आवाज येतो. तुझ्याशी त्यावर बोलणं जमत नाही. मी एक वाक्य शोधेपर्यंत तुझी दहा होऊन जातात. पण बायजाशी दुसरा मार्गच नाही. साखरेने तिची नजर नेली, आता फक्त उजेड-अंधार कळतो. माझं लिहिलेलं तिला दिसत नाही, आणि मला बोलता येत नाही. त्या फोनवर आमचा संसार चाललाय म्हण. ती म्हणते, छत्तीस वर्षांत एवढा गोड नवरा कधी नव्हता, रेकॉर्डिंगमध्ये एकही शिवी नाही.

मागच्या दाराला लागून नवीन संडास बांधायला घेतला आहे, तिला लांब जावं लागू नये म्हणून. शोषखड्डा खणून झाला. वाल तयार आहेत, दोन पायली तुझ्यासाठी ठेवतो.

जावईबापूंना नमस्कार. आहे तशीच माया ठेव.
तुझा दादा,
महिपती

॥ श्री ॥
जोहे,
१७ फेब्रुवारी २०२६

ती. दादास धाकट्या रंभाचा शि. सा. नमस्कार.

वि. वि. पत्र वाचून वहिनीचं बोलणं कानात आलं. तिला सांग, शिव्या मी रेकॉर्ड करून पाठवते, तुझ्या लहानपणच्या सगळ्या पाठ हायत मला.

कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मूर्तींची घाई चालू हाय. मी सकाळपासून डोळ्यांची आखणी करते, संध्याकाळी माझेच डोळे चुरचुरतात. माझ्या फोनचं काय झालं ते ऐक. रातोरात त्याने स्वतःला नवा करून घेतला. मला विचारलं नाय की पुसलं नाय, सगळी चित्रं इकडची तिकडं. अपेक्षा म्हणाली, मामाच्या फोनचं हे सगळं मी बंद करून ठेवलंय, त्याला धक्का लागायचा नाय. तिचं ॲप कंपनीच्या दुकानातून घेतलेलं नाय ना, आपल्या हाताने चढवलेलं, म्हणून तिने ती काळजी घेतली म्हणे.

त्या खड्ड्यावर फळ्या टाक रे. वहिनीचा पाय घरात चुकत नाय, पण नवीन खड्डा तिच्या पायाला कुठं ठाऊक?

आमच्या सगळ्यांवर जीव हाय तसाच असू दे.
तुझी,
रंभा

॥ श्री ॥
पेण, दवाखान्यातून,
२ मार्च २०२६

चि. सौ. रंभास आशीर्वाद.

काल तू येऊन गेलीस. माणसांच्या गर्दीत लिहून सांगायला जमलं नाही, आणि तू विचारत होतीस ते नीट सांगायला हवं. म्हणून अपेक्षाच्या हाती हे देतो.

गुरुवारी सकाळी मी दूध घेऊन परसाच्या फाटकातून आत शिरलो. गवंड्यांनी आदल्या दिवशी फळ्या उचलून भिंतीला लावल्या होत्या. मी ते पाहिलं होतं, दूध आणून मग टाकू म्हटलं. ही माझी चूक, ती आधी लिहितो. बायजा सूप घेऊन मागच्या दारातून बाहेर आली, वालाच्या शेंगा वाळत घालायला. खड्डा तिच्यापासून चार पावलं, मी वीस पावलं. गळ्यातल्या भोकातून श्वास घेऊन धावता येत नाही.

फोन काढला. 'थांब' हा चौकोन अपेक्षाने सगळ्यांत वर, लाल, मोठा ठेवला होता. तो शब्द ऐकला की बायजा असेल तिथे पाय रोवून उभी राहायची, तशी सवयच केली होती आम्ही. लाल चौकोन नव्हता. पांढऱ्या पडद्यावर लिहिलेलं, तुमच्या सुरक्षेसाठी एक धोकादायक ॲप काढून टाकलं आहे. खाली एकच बटण, 'ठीक आहे'. मी ते तीनदा दाबलं.

मग हातातली किटली दगडावर आपटली. तिला आवाज जावा, एवढंच डोक्यात. आवाज गेला. काय सांडलं, असं विचारत ती माझ्या दिशेने वळली आणि चालायला लागली. मधे खड्डा होता.

मांडीचं हाड बसवलं आहे. डॉक्टर म्हणतात, छातीत कफ होऊ द्यायचा नाही.

तू लगेच येऊ नकोस, तुझं काम घाईचं आहे. जीव लावून असतेस, तेवढं पुरे.
दादा

॥ श्री ॥
पेण,
४ मार्च २०२६

ती. मामास अपेक्षाचा साष्टांग नमस्कार.

क्लासमध्ये मुलांना टायपिंगला बसवून हे लिहितेय. तुमच्यासमोर बसून बोलले असते, पण रडायला येतं आणि मग तुम्हीच मला पाणी देता.

तुम्ही मला विचारलं नाहीत, पण सांगायला हवं. मी तुमच्या फोनमध्ये दोन गोष्टी बंद केल्या होत्या. आपोआप नवीन होणं, आणि बाहेरून चढवलेलं ॲप तपासून काढून टाकणं. तुमच्याकडूनच 'नको' दाबून घेतलं होतं, आठवतं? बुधवारी रात्री चार्जिंगला असताना फोनने स्वतःला नवीन केलं. त्यात दोन्ही 'नको' पुसले गेले आणि दोन्ही 'हो' झाले. ॲप कुणी बनवलं याची नोंद त्यांच्याकडे नाही, म्हणून ते धोकादायक. मी एका माणसासाठी बनवलं होतं मामा, नोंद कशाला करू?

गुरुवारी दुपारी दवाखान्यात मी ते परत चढवायला बसले, आवाजाच्या फायली माझ्याकडे होत्याच. फोनने ऐकलं नाही. कुणी फसवून तर चढवायला लावत नाही ना, याचा शांतपणे विचार करण्यासाठी चोवीस तास थांबा म्हणाला. तुमचा फोन, तुमचा आवाज, तुम्ही स्वतः समोर, आणि आम्ही घड्याळ बघत बसलो. त्या चोवीस तासांत मामी सारख्या तुम्हाला हाका मारत होत्या. मी सांगत होते की फोन बिघडलाय. त्यांना वाटत होतं, मी काहीतरी लपवतेय.

कंपनीकडे तक्रार केली. लगेच उत्तर आलं, यंत्राने लिहिलेलं.

मी एक गोष्ट करायला हवी होती. तो फोन इंटरनेटला जोडायलाच नको होता. ते सुचलं नाही. रविवारी येते, मामींना आवडतो तो पोह्याचा चिवडा घेऊन.

रागावला असाल तर लिहा, गप्प राहू नका.
तुमची भाची,
अपेक्षा

रोहा,
२० मार्च २०२६

चि. सौ. रंभास आशीर्वाद.

तेरावं झालं, पाहुणे गेले. तू तेरा दिवस राबलीस, ते बोलून दाखवणार नाही. एक गोष्ट तुला कळली नाही, कुणालाच कळली नाही, ती लिहितो आणि हलका होतो.

शुक्रवारी दुपारी चोवीस तास भरले आणि आवाज परत आला. अपेक्षा चहा आणायला गेली होती. मी पहिलं बटण दाबलं, 'बायजा'. तिने चेहरा माझ्याकडे केला. किती बरं वाटलं मला. मग तिने विचारलं, तुम्ही फाटकात होतात, किटली तुमचीच वाजली, मग हाक का नाही मारलीत? आदल्या रात्री मी औषधावरून वाद घातला, म्हणून राग धरला होतात का?

रंभा, मी चारशे बारा वाक्यं वरून खाली आणि खालून वर पाहिली. चहा झाला का. पायरी आहे. डावीकडे. गोळी घेतलीस का. उकडतंय. शेवटी 'मी इथेच आहे' हे दाबलं. ती म्हणाली, तेच तर विचारतेय, तिथेच होतात ना.

मी कागदावर सगळं लिहिलं आणि नर्सबाईंना वाचायला दिलं. त्यांनी भरभर वाचलं, त्यांना पुढच्या खाटेवर जायचं होतं. बायजाने पूर्ण ऐकून घेतलं. हे त्यांनीच लिहिलंय ना, असं बाईंना विचारलं. बाई हो म्हणाल्या. माझा हात शोधून तिने धरून ठेवला.

पुन्हा तिने कधीच विचारलं नाही. पटलं म्हणून, की विचारून उपयोग नाही म्हणून, ते मला कळलेलं नाही. पुढच्या शुक्रवारी सकाळी छातीत कफ भरून ती गेली, हे तुला माहीतच आहे.

तिच्या सातव्या दिवशी कंपनीचं पत्र अपेक्षाच्या फोनवर आलं. तपासणी केली, सदर ॲपमध्ये काहीही धोकादायक आढळलं नाही. अपेक्षाला सांग, माझा तिच्यावर राग नाही. मी लिहिलं तर तिला खरं वाटत नाही.

तुझा दादा

जोहे,
२९ मार्च २०२६

ती. दादास रंभाचा नमस्कार.

तुझं पत्र चार वेळा वाचलं आणि कुणाला दाखवलं नाय. अपेक्षाला तेवढा निरोप दिला. ती जेवायला लागलीय आता.

दादा, वहिनीला मी छत्तीस वर्षं ओळखत होते. तिला पटलं नसतं ना, तर हात धरला नसता, तोंड फिरवलं असतं. माझ्या लग्नात मानपानावरून माझ्याशी दोन वर्षं तोंड फिरवून बसलेली बाई ती. पण तुला हे सांगून पटणार नाय, ठाऊक हाय मला.

इकडे ये. कारखान्यात कुणी कुणाशी दिवसभर बोलत नाय, रंग वाळायच्या आत हात चालवायचा असतो. कुणी तुला बोलायला लावणार नाय. एकटा राहून त्या परसाकडं बघत बसू नको.

रागव, पण ये. वाट बघते.
रंभा

॥ श्री ॥
रोहा,
१९ एप्रिल २०२६

चि. सौ. रंभास आशीर्वाद.

खड्डा बुजवला. पुढच्या आठवड्यात चार दिवस येतो, जास्त नाही. इथे एक काम निघालं.

धाटावच्या कंपनीत माझ्या शिफ्टला पुंडलिक होता. त्याचंही तेच दुखणं निघालं, मंगळवारी मुंबईला ऑपरेशन आहे. तो आणि त्याची बायको आमच्या घरी आले, माझ्यासारखं फोनमध्ये आवाज भरून द्या म्हणाले. अपेक्षाने फोनला साफ नकार दिला. तिने कुठूनसं एक छोटं यंत्र आणलं, बटणांचं, ज्याला इंटरनेट माहीतच नाही. त्यात दोनशेच वाक्यं मावतात, पण ती कुणी काढून नेणार नाही.

दोन दुपारी आम्ही माझ्या पडवीत बसलो. पुंडलिक घरून यादी घेऊन आला होता. पाणी. दुखतंय. पंखा लाव. मी त्यातली बरीच खोडली. त्याच्या बायकोचं नाव सहा तऱ्हांनी घ्यायला लावलं, हाक मारताना, रागावल्यावर, दारातून आत येताना. ती लाजून स्वयंपाकघरात निघून गेली, एवढं खरं.

मग मी पाटीवर एक वाक्य लिहून त्याच्यापुढे धरलं. मी हाक मारत होतो, पण आवाज निघाला नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. घसा साफ केला, त्या खरखरीत आवाजात ते एकदा वाचलं, आणि अपेक्षा म्हणाली नीट आलं नाही, म्हणून परत एकदा वाचलं. मी डोळे मिटून दोन्ही वेळा ऐकलं.

जावईबापूंना सांग, मंगळवारनंतर निघतो. तोवर सगळ्यांनी मला सांभाळून घ्या.
तुझा,
दादा