झाडावरचा माणूस आणि बकरी

ब्रह्मपुरी, बुधवार, दिवेलागणीनंतर

जिंकलो आज! मी गावोगाव फिरणारा; इथं लोकांना पेपर वाचून दाखवतो म्हणून किसनभाऊच्या हॉटेलात दोन वेळा जेवायला मिळतं. सकाळीच त्यानं बजावलं होतं, "आजही लोक उठून गेले, तं आपला रस्ता धर." चूक नव्हती त्याची. कालच्या मंत्र्यांच्या दौऱ्यावर मलाच जांभया येत होत्या.

आज पुराच्या बातमीतही मंत्रीच आधी. पण अगदी खाली एक ओळ होती: एक माणूस बकरी घेऊन झाडावर अडकला आहे. मी तिथूनच सुरुवात केली. मंत्री मागून.

कोणी हललं नाही. ऐकायला बसलेली सखूबाई ओरडली, "बकरी काऊन नेली गा वर?"

"मंग का पुरात सोडून देईन? तू तं नवऱ्यालेही सोडशील!" तिचाच दीर म्हणाला. काय हसले सगळे!

"मंग उतरला का नाई तो?" मागून कोणीतरी विचारलं.

ते पेपरात नव्हतं. क्षणभर वाटलं, आपल्याच मनानं उतरवून टाकावा. पण जीभ आवरली. "लिहिलं नाई. उद्या पाहू."

उद्या खरं तर पुढच्या मुक्कामाला, सिरोंच्याकडे निघणार होतो. आता कसा जाऊ? बकरी वर, मी खाली.

हॉटेल बंद करताना किसनभाऊ हळूच म्हणाला, "उद्या मोटारीनं येणारा पेपर मीच घेऊन येतो. पण बकरीचं पहिले मले सांगजो."