सूनबाईचा फोटोंचा क्लास

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा गार चहा! कप टेबलाच्या कडेला अर्धा बाहेर, अन् सूनबाईचं डोकं मोबाइलमध्ये. मी म्हटलं, "त्यात काय दुसरा नवरा दिसतोय का?" एरवी हसली असती. आज नाही. म्हणाली, "आई, मला फोटोग्राफीचा कोर्स करायचाय. नोकरी सांभाळून. आणि मग तोच धंदा करायचाय."

धंदा! चाळिशी उलटलेली बाई. चष्म्याच्या दुकानात काउंटरला उभी असते, पोटऱ्या दुखतात म्हणून रोज कण्हते. मी म्हटलं, आधी चहा गरम कर, मग काय काढायचे ते फोटो काढ.

५ फेब्रुवारी, बुधवार

हे खूळ आलं कुठून ते आज कळलं. चष्म्याची नवी फ्रेम लोक घालून बघतात ना, तिला नंबरच्या काचा नसतात. मोठ्या नंबरवाल्याला आरशात आपलंच तोंड धुक्यात दिसतं. मग ही मोबाइलवर त्याचा फोटो काढते. तो आपला जुना चष्मा लावतो, फोटो बघतो, फ्रेम ठरवतो. आता म्हणे लोक फ्रेम राहू द्या म्हणतात, फोटो तेवढा पाठवा. एकीनं नोकरीच्या अर्जाला तोच लावला. मालक कुरकुरतो — दुकान चष्म्याचं आहे की स्टुडिओ?

तिनं मला पाच-पंचवीस दाखवले. चांगले आहेत. तोंडावर बोलले नाही. डोक्यावर बसेल.

मुलगा जेवताना म्हणाला, "कर की. पण छोटंसं काहीतरी कर. संध्याकाळी घर कोण बघणार?" घर काय पळून जाणार आहे? अन् गेलंच पळून तर लिफ्टदुरुस्तीवाला तू, तूच आण खाली.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिला क्लास बघून आलो. मीही गेले, ही बाई कोणाच्याही गोड बोलण्याला भुलते. काचेचा दरवाजा, आत थंडगार, भिंतभर फोटो. टेबलामागे एक टापटीप पोरगी. "सहा रविवार, की तुम्ही व्यावसायिक फोटोग्राफर!"

मी विचारलं, "नापास किती होतात?"

"कोणीच नाही, आजी!"

"आणि पुढं काम?"

"ते ज्याचं त्यानं बघायचं."

सूनबाईनं आपले फोटो पुढे केले. पोरगी वरचे दोन बघून "सुपर!" म्हणाली. खालचे न बघताच सुपर झाले. सूनबाईचा चेहरा मात्र असा फुलला की मी गप्प बसले. वर कॅमेऱ्याची पिशवी फुकट. कॅमेरा नाही, पिशवी!

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दुसरा. जुन्या तंत्रशाळेत, संध्याकाळचा. वर्षभर चालतो, आठवड्यातून तीन संध्याकाळी, अन् थोडीच माणसं घेतात. तीन जिने! माझ्या गुडघ्यांनी त्या बांधणाऱ्याचा उद्धार केला. वर पोरं एक पांढरी चादर धरून भांडत होती, उजेड डावीकडून की उजवीकडून. मास्तर किडकिडीत, स्वेटर कोपरावर फाटलेला. त्यानं हिचे सगळे फोटो बघितले. सगळे! एवढा वेळ लावला की बसल्याबसल्या माझी मान कलली.

मग म्हणाला, "बाई, हे सगळे चष्म्याचे फोटो आहेत."

ही म्हणाली, "सर, यातल्या बऱ्याच जणांनी चष्मा घातलेलाच नाही."

"तरी चष्म्याचेच."

अन् खरंच की! मी पुन्हा बघितले. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत चेहरा, डोळे एका ओळीत, हनुवटी सरळ. गिऱ्हाइकाचा घ्या, नाहीतर आमच्या नातीचा सायकलवरचा घ्या — सायकल दिसतच नाही! नातीला जणू फ्रेम विकायची होती.

मास्तर म्हणाला, "यांचे हात कुठं गेले? ही माणसं करत काय होती? तुमची नजर चांगली आहे, बाई. पण तुम्ही अजून काउंटरच्या मागेच उभ्या आहात." शनिवारी फोटो घेऊन या म्हणाला. एकाच माणसाचे, काम करताना, तुमच्याकडे न बघता. मग ठरवू.

बसमध्ये सूनबाई खिडकीकडे तोंड करून. उतरताना म्हणाली, "आई, मी सहा रविवारवालाच करते. तिथं कौतुक तरी करतात."

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिला चांगली धुतली. म्हटलं, कौतुक पाहिजे तर माहेरी जा. त्या पोरीनं तुझे फोटो बघितले तरी का? त्या फाटक्या स्वेटरवाल्यानं एकेक बघितला, म्हणून तर त्याला खोट सापडली. सहा रविवारांत काय शिकवणार, बटण दाबायला? ते तू दाबतेसच.

बराच वेळ भांडी घासत राहिली. मग म्हणाली, "पण एवढे दिवस फोटो काढू देणारा माणूस आणू कुठून?" अन् वळून माझ्याकडे बघितलं.

मी? मुळीच नाही!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बसले एकदाची. ठेवणीतले कपडे काढले, केस विंचरले, हात मांडीवर ठेवले. ही म्हणते, "असं नका ना बसू, आई. काहीतरी करा." मी वाटाणे सोलायला घेतले. "माझ्याकडे बघू नका!" आता समोर कोणी मोबाइल धरून ओणवं झालं असताना बघायचं कुठं, वाटाण्याकडे?

नात फोटो बघून म्हणाली, "आजी, तुला पोलिसांनी पकडल्यासारखं वाटतंय." तिला अभ्यासाला पिटाळली.

सूनबाईनं एकेक करून सगळे पुसले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्लंबर आला होता. मोरीचा नळ दुरुस्त केला म्हणाला अन् पैशाला हात पुढे. नळ टपटप चालूच! मी पदर खोचला. म्हटलं, "हे दुरुस्त? मग बिघडलेला कसा असतो ते दाखव एकदा!" तो बिचारा परत नळाखाली आडवा झाला. मी वरून पाना धरला अन् तोंडाचा पट्टा सोडला.

सगळं झाल्यावर कळलं, ही दाराआडून काढत होती. पहिल्यापासून!

दाखवले. आई गं! तोंड उघडं, पुढचे दोन दात नाहीत ते जगजाहीर, बाही ओली, बोट खाली त्याच्यावर रोखलेलं. त्याचे नुसते पाय दिसतात अन् पायसुद्धा घाबरलेले! म्हटलं, "पुसून टाक सगळे. आत्ताच्या आत्ता."

"पुसते," म्हणाली. पण पुसेना. नुसती त्या फोटोकडे बघत उभी. दुकानातून येते तेव्हा कशी दमलेली असते. आत्ता तशी नव्हती.

मी परत बघितलं. वाईटच दिसते. पण माझी अख्खी मोरी आहे त्यात — बादली, ओला कोपरा, खिडकीतला उजेड, मी. फ्रेम विकायची नाहीय कोणाला.

म्हटलं, "दे त्या मास्तरला. पण शेजारणीला दाखवलेस तर बघ."

१५ फेब्रुवारी, शनिवार

मी गेले नाही. जिने! परत आल्यावर म्हणाली, मास्तर खो खो हसला. "या कोण?" "माझ्या सासूबाई." "वाटलंच."

वाटलंच म्हणजे काय?

हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. अर्ज भरून घेतला, फोन करतो म्हणाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

मुलाला सांगून टाकलं. तिच्या तीन संध्याकाळी स्वयंपाक मी करीन. भात करपला तर करपलेला खायचा, तोंड वाकडं करायचं नाही. तो म्हणाला, "अजून कुठं मिळालाय तिला?" बरोबर आहे. पण म्हणाला कसा — मिळू नये असा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

फोन नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नाही. गुणगुणायची ती बंद झाली. चहा मात्र आज अगदी कडकडीत. नको मला असला चहा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी डबा भरताना म्हणाली, "नाही झालं, आई. चष्मे विकायचे आता." डोळे कोरडे होते. तेच बघवलं नाही मला.

ती गेल्यावर बसून विचार केला. हसला होता तो मास्तर. नाही म्हणायचं तर माणूस तसं कळवतो. दुपारी तिच्या दुकानात फोन लावला. "अर्जावर नंबर कोणाचा लिहिलास?"

"ह्यांचा. सवयीनं. शाळेत, बँकेत, गॅसला — सगळीकडे ह्यांचाच लिहितो ना आपण."

संध्याकाळी मुलगा जेवायला बसला. ताट वाढलं अन् समोर बसले. "मास्तरचा फोन कधी आला?"

घास हातातच. "सोमवारी. मी लिफ्टच्या वर होतो, हात ग्रीसनं माखलेले. घरी विचारून सांगतो म्हटलं."

"विचारलंस?"

आमटी ढवळत बसला. सूनबाई दारात उभी. तिच्याकडे न बघता म्हणाला, "वर्षभर, आई. तिथं नवीन माणसं, नवीन काम. मग हे घर, हे सगळं... तिला पुरेल का?"

हे होतं पोटात! मला वाटलं होतं, जेवणाची काळजी आहे. मी म्हटलं, "ते तिला विचारायचं. मला नाही, ताटालाही नाही."

उठला, हात धुतले, फोन लावला. आमच्यासमोर म्हणाला, "सर, चूक माझी झाली. तिला विचारायचं राहिलं." मास्तर म्हणाला, जागा धरून ठेवलीय, पण उद्या नक्की काय ते कळलं पाहिजे. दुपारी तिच्याच नंबरवर फोन करतो.

तिनं नंबर स्वतः सांगितला. एकेक आकडा, मोठ्यानं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज ती दुकानात गेली नाही. सकाळीच विचारलं, "आई, हो म्हणू ना?" हो माझ्या ओठावर आला होता. गिळला. मुलगा तिचं उत्तर खिशात घालून फिरला, अन् मी तरी काय करत होते इतके दिवस — कोणता क्लास, कोणता फोटो, सगळं मीच!

तर ऐका सगळ्यांनी. फोन वाजला की कोणी उचलायचा नाही. मुलानं नाही, नातीनं नाही, मीही नाही. हो असो, नाही असो — सूनबाईनंच उचलायचा अन् तिनंच सांगायचं.