मनीषाचं माप

१२ एप्रिल, रविवार
मनीषा आली पुण्याहून. धाकटी जाऊ. टेंभुर्णीला नणंदेच्या पोरीचं लग्न आहे म्हणून. आल्या आल्या माझ्या दुकानात. कापड टेबलावर टाकलं, ताई, ब्लाउज शिवून द्या. म्हणलं मापाचा दे. आपल्याकडं बायका टेप लावून घेत न्हाईत. जुना ब्लाउज आणून देतात, त्याच्यावरून शिवायचा. तर म्हणती जुना एकबी होत न्हाई आता.
पडदा ओढला, टेप लावला. छाती छत्तीस. दिवाळीला मीच शिवल्ता हिचा, बत्तीस होती. कंबर तीच, दंड तेच. नुस्ती छातीच कशी वाढंल? परत लावला टेप. परत छत्तीस.
मंग तिनंच सांगितलं. नवा फ्रिज घेतल्यावानी सांगितलं. ऑपरेशन केलं, आतून बसवले. "तुम्हालाच सांगते ताई. घरात कुणाला बोलू नका."
न्हाई बोलणार म्हणलं. लई राग आला. तिचा आला का माझाच, ते कळून न्हाई राह्यलं.
(पुढं नुस्तं म. लिहीन. पोरगी आता सगळं वाचती.)

१३ एप्रिल, सोमवार
बसवले म्हणे. जसं काय घरात नळ बसवले.
दोन पोरं पाजली मी, दोन-दोन वर्षं. तिथून माझं जे गेलं ते गेलंच. माझ्या ब्लाउजला मी आतून कप लावते, गिऱ्हाइकांना वाटतं फॅशन आहे. म.चं पोरगं डब्याच्या दुधावर वाढलं. तिचं काहीच गेलं नव्हतं, तरी तिलाच पाहिजे.
जेवताना आमच्या सासूबाई, आत्याबाई, म्हणल्या, मनीषाला पुण्याचं पाणी मानवलं बरं, अंग भरलं पोरीचं. आन् माझ्याकडं बघून, तू पोटभर खात जा सविता, नुस्ती काडी झाली. म. खाली बघून भाकरी मोडत होती. तोंडावर आल्तं माझ्या, सांगू का कशाचं पाणी ते. गिळलं. आज न्हाई बोलले. उद्याचं माहीत न्हाई.

१५ एप्रिल, बुधवार
म. ट्रायलला आली. ब्लाउज असा बसला की एक टाका उसवायची गरज न्हाई. इतकी वर्षं शिवून राह्यले, असा ब्लाउज न्हाई बसला कुणाला.
सगळं विचारून घेतलं. दुखलं का? पहिले काही दिवस छातीवर कुणी बसल्यावानी. डाव्या अंगाला अजून बधिर आहे म्हणे, हात लावला तर कळत न्हाई बराबर. ऐकून बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू. भाकरी थापताना पण बरंच वाटत होतं.
मंग विचारलं, भाऊजींनी करायला लावलं का? तर हसली. "नाही हो ताई. मला पाहिजे होतं म्हणून केलं."
हे जास्त लागलं. नवऱ्यानं लावलं असतं तर कीव केली असती तिची. मला पाहिजे होतं म्हणून. मी आजवर मला पाहिजे म्हणून काय केलं? मशीनला मोटर बसवली.

२० एप्रिल, सोमवार. टेंभुर्णी
लग्न लागलं. ऊन मरणाचं.
मांडवात सगळ्या बायका म.भोवती. ब्लाउज कुठं शिवला, ब्लाउज कुठं शिवला. ती माझ्याकडं बोट दाखवती, माझ्या जाऊबाईंनी. मला पाच-सहा ऑर्डरी मिळाल्या मांडवातच. शिलाईचं कौतुक माझं, आन् बघणं सगळं तिच्याकडं. माझी साडी तिच्यापेक्षा भारी होती. कोण बघतंय.
पुरुषांचं तर काय सांगायचं. नणंदेचा दीर वाढप सोडून पाणी विचारायला तीनदा. एक आमचेच हे, खाली मान घालून जेवले आन् गाडीपाशी जाऊन बसले. त्यांचं बघून जिवाला थंड वाटलं. म्हणलं, असू दे, माझा माणूस तर बघत न्हाई.

२३ एप्रिल, गुरुवार
जाऊन आले. संभाजीनगरला. घरी सांगितलं लेस आन् अस्तर आणायचं. लेस आणली पण, खोटं नको.
म.ला विचारून दवाखाना न्हाई गाठला. पोरीच्या मोबाइलवर बघितला.
डॉक्टरीणबाई चांगली आहे, माझ्याएवढीच असंल. तिनंबी टेपच लावला. तिचा टेप मऊ होता, मला पहिल्यांदा कळलं की समोरच्या बाईला कसं वाटत असंल.
दोन ठेवले हातात. एक गोल, एक थेंबासारखा, खाली जड. गोल असला तर वर पण भरल्यावानी दिसतं. थेंबाचा आपल्या अंगावानी उतरता दिसतो, पण आत फिरला तर आकार बिघडतो. आत जेल आहे, फुटला तरी सांडत न्हाई म्हणली. मिठाच्या पाण्याचा पण असतो, ती स्वतः तो सुचवत न्हाई. मंग मांसाच्या वर बसवायचा का खाली? माझ्या अंगावर चरबी न्हाई, वर बसवला तर कडा दिसतील, म्हणून खाली. खाली जास्त दुखतं. आन् जन्माचं न्हाई हे. पुढं कधी बदलावे लागतील, काहींचं आत कडक होतं, तपासत राह्यचं. मशीनवर लगेच बसायचं न्हाई.
सगळं बराबर सांगितलं तिनं, घाई केली न्हाई. विचारलं, कशासाठी करायचंय? मी म्हणलं, मला पाहिजे म्हणून. म.चं वाक्य. तोंडातून तसंच्या तसं आलं.
साइज मात्र तुम्हीच ठरवा म्हणली. घरी पिशवीत तांदूळ भरून ब्राच्या आत ठेवा, आठ-दहा दिवस वापरून बघा. लहान अडीचशे मिलीचा, मोठा तीनशे पंचवीसचा.

२५ एप्रिल, शनिवार
तांदूळ डब्याच्या तळाला. ज्वारीचं पिंप भरलेलं. ज्वारी काय अन् तांदूळ काय, माप तेच.
पोराला पाणी पाजायची जुनी बाटली माळ्यावर होती, तिच्यावर आकडे आहेत. तिच्यानं मोजून भरली ज्वारी. अस्तराच्या पिशव्या शिवल्या, टक्स घालून, नीट गोल. आधी लहान घेतला. घालून बघितला, काढला. मोठा भरला.
आरशापुढून हलू वाटेना. आत्याबाई बाहेरून आवाज देत होत्या, कुकर झाला का म्हणून.

२८ एप्रिल, मंगळवार
मोठाच घालून राह्यले रोज. चालण्यात फरक पडला माझ्या. मशीनवर वाकले तर पुढं काहीतरी आहे असं वाटतं.
किराणावाल्याची बायको म्हणली, ताई, तुमचा ब्लाउज लई मस्त बसलाय, असाच मला शिवा. हिच्या अंगात माझं माप कसं बसवू. हो म्हणलं.
आन् हे. कारखान्यावरून आले अंकुशनगरहून, चहा दिला, तर कप घ्यायचं सोडून बघत राह्यले. किती वर्षांनी. म्हणले, नवी साडी का? जुनीच होती.
खूश व्हायला पाहिजे होतं. झाले पण, अर्धा कप चहा होईस्तोवर. मंग डोक्यात आलं, ह्यांनी बघितलं कुणाकडं? ज्वारीकडं. मी त्यांच्या पुढून रोज जाते येते, तेव्हा न्हाई बघितलं. आता दोन ओंजळी ज्वारीकडं बघतात. पिशव्या काढून फेकाव्या वाटल्या. काढल्या न्हाईत. जवळ आले तर कळंल म्हणून आज पोरीपाशी झोपते. त्यांनी बोलावलं आन् मी गेले न्हाई, हे पण पहिल्यांदाच. असा हेवा कुणाला झाला असंल का, स्वतःच्याच छातीचा?

२ मे, शनिवार
अंगभर खाज. छातीवर लाल चट्टे, फोड. आरशात बघवत न्हाई.
आता डोक्यात प्रकाश पडला. पिंपातल्या ज्वारीला किड्याची पावडर लावलीय. मीच लावली होती, हातात पन्नी घालून. दळायला काढताना आपण धुऊन वाळवतो. आन् मी शहाणीनं तशीच काढून उराशी धरली. वर हा घाम. तांदूळ सांगितला होता तर तांदूळ घ्यायचा ना बाई.
दवाखान्यात फोन केला. कातडी बिलकुल साफ झाल्याबिगर काही करता येणार न्हाई. इथल्या डॉक्टरला दाखवा म्हणले. मलम आणलं.

५ मे, मंगळवार
ह्यांनी बघितलंच. पाठीला मलम लागत नव्हतं, चट्टे तिथवर गेल्ते. काय झालं, काय झालं, मागंच लागले.
सांगितलं सगळं. दवाखाना, गोल, थेंबाचा, ज्वारी. म.चं सोडून. शब्द दिला होता तिला आन् खरं सांगायचं तर तिचं नाव मला ह्यांच्यापुढं काढायचंच नव्हतं. वाटलं ओरडतील, न्हाईतर हसतील. ज्वारीला हसले थोडं. मंग बराच वेळ मलम लावत बसले. पैशाचं पण न्हाई विचारलं. मला रडू आलं, इतकं हळू लावून राह्यले होते.
मंग म्हणले, "तुला करायचं असंल तर कर. माझी ना न्हाई. फक्त मनीषाएवढं नको."
मी विचारलं, मनीषाचं तुम्हाला कुणी सांगितलं?
"सांगायला कशाला पाहिजे? दिसतं की."
मलमाचं झाकण लावलं आन् गेले पाण्याची मोटर बंद करायला.
मोटर चालूच नव्हती. वीज न्हाई दुपारपासून.

६ मे, बुधवार
काही न्हाई लिहायचं.
मांडवात खाली मान घालून जेवले म्हणे.

९ मे, शनिवार
चट्टे वाळले. डॉक्टरीणबाईचा फोन, पुढच्या आठवड्यात दाखवून जा, साइज नक्की करून या, तसा मागवावा लागतो. एखादा फोटो असंल तर आणा म्हणली, कसं पाहिजे त्याचा. लग्नातले फोटो बघितले. ज्याच्यात म. न्हाई असा एक सापडला, त्याच्यात मी पण न्हाई.
आत्याबाईंना आज म.चं सांगून टाकावं असं परत वाटलं. देवापुढं वाती करत बसल्या होत्या. जाऊन बसले पण शेजारी. त्यांनी दोन वाती माझ्या हातात दिल्या. उठून आले.

१० मे, रविवार
म.नं कापड पाठवलं, दुसरा ब्लाउज पाहिजे, भावाच्या साखरपुड्याला. त्याच मापाचा. सकाळी बसले, दुपारी झाला. हुक लावायचे राह्यले.
तिचा फोन आला. मी सांगितलं तिला, माझं पण चाललंय म्हणून. लई खूश झाली. खरंच झाली, मनात काही न्हाई पोरीच्या, तेच तर सोसत न्हाई मला. म्हणली, "ताई, माझ्याएवढंच घ्या. मग आपलं दोघींचं एकच माप. ब्लाउज अदलाबदल करता येतील."
मी पण हसले. बघते म्हणलं.
फोन ठेवला आन् पडदा ओढून तिचा ब्लाउज अंगात घातला. ज्वारी न्हाई, कप न्हाई, काहीच न्हाई. समोर सगळा रिकामा, हवा जात होती आत. हुक न्हाईत म्हणून टाचण्या लावल्या. दंडाला बराबर, कमरेला बराबर.
हे आले तेवढ्यात, बाहेरून म्हणले, चहा ठेव गं. दुकानातून घरात तशीच गेले, पदर न घेता. चहा केला. ते खुर्चीवर मोबाइल बघत बसलेले. हात पुढं केला त्यांनी, कप घ्यायला, डोळे मोबाइलमध्येच.
मी कप दिला न्हाई. वर बघस्तोवर धरून उभी राह्यले.